रंगीत पानाचा धडा



बंगल्यांपुढे लाल-पांढऱ्या मोठ्या पानांचे कॅलेडियम दिसते. ते आपल्या अळूच्याच कुळातले, मूळ दक्षिण अमेरिकेचे. पान खाल्ले तर तोंड जळते. जनावरालाही चालत नाही. तरी जग ते विकत घेते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या लेक प्लॅसिड या एका गावाच्या शिवारातून जगातले बहुतेक कंद जातात. तिथला शेतकरी कंद खणतो, धुतो, वाळवतो, आकाराप्रमाणे निवडतो. मोठ्या कंदाला जास्त भाव. लागवडीचे बेणेही घरचेच राखतो.

कोरडवाहू रानात कॅलेडियम लावा, असे मी म्हणत नाही. त्याला सतत ओल लागते. पण निवड तर आपल्याच हातात आहे ना? पहिल्या वेच्याचा कापूस आणि कवडी एकाच गाठोड्यात बांधली, तर भाव कवडीचाच मिळणार!