उरलेले सहा दिवस

रविवारची उपासना संपते. भक्ताची खरी परीक्षा मात्र तेव्हाच सुरू होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना केडगावी घेऊन आल्या. त्यांना अन्न मिळाले, अक्षरओळख झाली. शेती, विणकाम, छपाई शिकून त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. तेथे प्रार्थना होतीच. परंतु प्रार्थना आणि भाकरी यांत बाईंनी अंतर ठेविले नाही. आपण मात्र मंदिरातून परतताना दारच्या भुकेल्यास चुकवितो, घरच्या मोलकरणीचा पगार थकवितो. ज्या प्रभूपुढे रविवारी गुडघे टेकले, तोच सोमवारी त्यांच्या रूपाने आपल्यापुढे उभा असतो. त्यास ओळखणे, हीच उरलेल्या सहा दिवसांची उपासना होय.