खालाच्या पुड्या आणि मूत्रपिंडावरच्या दोन छोट्या ग्रंथी
(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



आज मला माझ्या एका चुकीपासून सुरुवात करायची आहे. मी तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होतो. रमजानच्या सुट्टीत खालाकडे गेलो होतो. खालाचे गुडघे फार दुखायचे. कुणीतरी सांगितले म्हणून ती बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाकडून पांढऱ्या पुड्या घ्यायची. दीड वर्ष घेत होती. दुखणे पळाले, भूक वाढली, चेहरा गोल झाला. सगळे म्हणायचे, "तब्येत सुधारली!" मीसुद्धा म्हणालो.

त्या रमजानमध्ये पुड्या देणारा आलाच नाही. पाचव्या-सहाव्या रोज्याला खालाला मळमळ सुरू झाली, पोट दुखू लागले, उभी राहिली की चक्कर यायची. घरात कुणी म्हणाले रोजे झेपले नाहीत, कुणी म्हणाले नजर लागली. मी म्हणालो, अशक्तपणा आहे, ओआरएस द्या. सातव्या दिवशी ती न्हाणीघरात कोसळली. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब ७० च्या आसपास होता आणि साखरही खाली गेली होती. तिथल्या तरुण डॉक्टरने असा एक प्रश्न विचारला जो मला सुचला नव्हता: "यांना कुठली औषधे चालू होती? अचानक बंद केली का?" पुडीचा रिकामा कागद पाहताच त्याने हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि सलाइन सुरू केले. संध्याकाळी खाला उठून बसली आणि तिने चहा मागितला.

तर, झाले काय होते?

आपल्या दोन मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांना अ‍ॅड्रिनल किंवा अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम ४ ते ५ ग्रॅम. त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार होतात. कॉर्टिसोल रक्तातली साखर आणि रक्तदाब सांभाळते. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा संकटात शरीर त्याच्या बळावर तग धरते. अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ धरून ठेवते आणि जादा पोटॅशियम बाहेर टाकते. कॉर्टिसोल किती बनवायचे, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी देते.

खालाच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले होते, म्हणजे बाहेरून येणारे कॉर्टिसोलच. पिट्युटरीला वाटले, माल भरपूर आहे. तिने हुकूम देणे बंद केले. काम नसल्याने ग्रंथी आक्रसल्या. मग एके दिवशी बाहेरचा पुरवठा तुटला आणि आतला कारखाना तर केव्हाच बंद पडलेला. दोष रोज्याचा नव्हता. उपाशीपोटी शरीराला कॉर्टिसोलची गरज होती आणि ते नव्हते, एवढेच.

या आजाराची इतर कारणेही आहेत. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यांच्या अनेक रुग्णांच्या ग्रंथी क्षयरोगाने नष्ट झाल्या होत्या. श्रीमंत देशांत आज मुख्य कारण आहे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला. आपल्याकडे मात्र टीबी आजही महत्त्वाचे कारण आहे. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला तर पिट्युटरी निकामी होऊ शकते. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत येत नाही आणि वर्षानुवर्षे ती "अशक्त" म्हणून घरात पडून राहते.

लक्षणे हळूहळू येतात, म्हणून फसवतात. न हटणारा थकवा, वजन घटणे, भूक मरणे, मळमळ, उभे राहताना चक्कर. खुद्द ग्रंथीच निकामी झाली असेल तर खारट खाण्याची ओढ लागते आणि त्वचा काळवंडते. आपल्या सावळ्या रंगात हे पटकन कळत नाही. तेव्हा तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, जुने व्रण आणि हिरड्या बघा. तिथे नव्याने काळेपणा आला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पण प्रत्येक थकवा म्हणजे हा आजार नव्हे. "अ‍ॅड्रिनल फटिग" या नावाने इंटरनेटवर चूर्णे आणि गोळ्या विकल्या जातात. वैद्यकशास्त्रात असा आजार मान्य नाही. खरा आजार रक्त तपासून कळतो: सकाळी ८ च्या सुमारास कॉर्टिसोल, सोडियम-पोटॅशियम, आणि गरज पडल्यास इंजेक्शन देऊन केलेली चाचणी.

एकदा निदान झाले की उपचार सोपा आणि स्वस्त आहे. रोज हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, काहींना सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोन. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच आजार होता. औषध घेत त्यांनी देश चालवला. नियम मात्र पाळावे लागतात. गोळी स्वतःहून कधीही बंद करायची नाही. ताप आला तर डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट करायचा. उलटीमुळे गोळी टिकत नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठून इंजेक्शन घ्यायचे. आजाराचे नाव लिहिलेले कार्ड खिशात ठेवायचे. टीबीचे रिफाम्पिसिन चालू होणार असेल तर ते डॉक्टरांना सांगायचे, कारण त्यामुळे कॉर्टिसोल लवकर संपते.

आणि रोजे? आजारी माणसाला दिलेली सवलत हा दीनचाच भाग आहे. रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. काहींना औषध बदलून रोजा ठेवता येतो, काहींना तो ठेवणे धोक्याचे असते. ठेवला असेल आणि चक्कर, उलटी, घाम सुरू झाला तर रोजा लगेच सोडा.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. पहिली, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांचा डबा आज उघडून बघा. नाव नसलेली पुडी, वजन वाढवण्याच्या गोळ्या, गोरे करणारी मलमे यांत स्टेरॉइड असू शकते. दुसरी, असे काही सापडले तर फेकून देऊ नका, एकदम बंदही करू नका. ते घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस हळूहळू उतरवावा लागतो. तिसरी, डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडला घाबरू नका. दम्याचा पंप माझे भाषण ऐकून बंद कराल तर ती माझी दुसरी चूक ठरेल.

खाला आज बरी आहे. गुडघे अजून दुखतात, पण औषध चिठ्ठीवरचे घेते. मला बघितले की हसून म्हणते, "डॉक्टर झालास, आता विचारायला शीक." तेच तुम्हाला सांगायला आलो होतो.