नाशिकची लोगन : दोन्ही बाजूंना एकच आरसा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, "तू टूलरूममध्ये आयुष्य काढलंस, पोरांना गाड्यांचं काहीतरी सांग." मागे दहावी-बारावीची मुलं बसली आहेत. आज मी मुख्यतः त्यांच्याशी बोलणार आहे, मोठ्यांनी राग मानू नये.

मुलांनो, तुमच्यातले बरेच जण आयटीआयला जाल आणि कोटंबी, सावळघाट ओलांडून सातपूर-अंबडला कामाला लागाल. गाडीचं डिझाइन म्हणजे कागदावर झोकदार चित्र काढणं, असं तुम्हाला वाटत असेल. म्हणून मी मुद्दाम एक न झोकदार गाडी निवडली आहे. लोगन. ती आपल्या नाशिकात, महिंद्राच्या कारखान्यात बनायची.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. रेनॉ कंपनीचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांच्या लक्षात आलं, की रशियासारख्या देशांत लोक जुन्या बनावटीची लाडा घेतात, कारण तेवढंच परवडतं. त्यांनी 1999 साली रोमानियाची डाचिया कंपनी ताब्यात घेतली आणि इंजिनिअरांपुढे आकडा ठेवला : 5,000 युरो. तेवढ्यात नवी कोरी, पाच माणसांची, डिकीवाली गाडी. एरवी गाडी आधी ठरते आणि किंमत मागून येते. इथे किंमत आधी आली. 2004 साली गाडी बाजारात आली.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. साचा म्हणजे डाय, आणि एकेका डायला लाखो रुपये लागतात. नेहमीच्या गाडीला डावा आरसा वेगळा, उजवा वेगळा. म्हणजे साचे दोन. लोगनला दोन्ही बाजूंना बसेल असा एकच आरसा केला. पुढची काच कमी वाकवली, कारण वाकडी काच महाग पडते. डॅशबोर्ड एकाच तुकड्यात ओतला. पत्र्याला खोल घड्या, धारदार रेषा दिल्या नाहीत. साधा पत्रा प्रेसमधून कमी ठोक्यांत निघतो, फाटत नाही. काचांची बटणं मधोमध ठेवली, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे असो की उजवीकडे, तीच चालतात. मला विचाराल तर याला म्हणतात डोकं!

आणि जिथे कंजुषी करायची नाही, तिथे केली नाही. दोन चाकांमधलं अंतर 2,630 मिलिमीटर. मागे तीन मोठी माणसं खरोखर बसतात, एकाला अर्ध्यावर टेकावं लागत नाही. डिकी 510 लिटरची. लग्नाला निघालेलं कुटुंब आणि तांदळाचं पोतं, दोन्ही मावतात. 1.5 लिटरचं डिझेल इंजिन घाटात कुरकुरत नाही आणि पंपावर फार थांबवत नाही.

महिंद्रा आणि रेनॉ यांनी 2005 साली 51-49 अशी भागीदारी केली. 2007 साली उजव्या स्टिअरिंगची लोगन नाशिकातून बाहेर पडली. सुरुवातीची किंमत सव्वाचार लाखांच्या आसपास. आणि पुढे काय झालं? टॅक्सीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं, घरगुती गिऱ्हाइकाने तोंड फिरवलं. "डबा आहे," म्हणाले. आमच्या बॅचचे दोघे-तिघे समोर बसलेत, त्यांनीही हेच म्हटलं होतं आणि दुसरी गाडी घेतली. आता हसू नका!

पण माझ्या मते त्यांचं पूर्ण चुकलं नव्हतं. आपल्याकडे माणूस आयुष्यात पहिली गाडी घेतो, तेव्हा पेढे वाटतो, हार घालतो. त्या गाडीने "मी स्वस्त आहे" असं गावभर सांगत फिरावं, हे त्याला रुचत नाही. हॉर्न स्टिअरिंगच्या मध्यभागी नसून इंडिकेटरच्या दांडीच्या टोकाला होता. फ्रान्समध्ये तो दिवसातून दोनदा वाजत असेल. आपल्याकडे? काळी-पिवळी चालवणाऱ्याला विचारा.

त्यातच कराचा फटका. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचा उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्के झाला. लहान म्हणजे काय? लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1,200 सीसीपर्यंत, डिझेल 1,500 पर्यंत. लोगनचं डिझेल 1,461 सीसीचं, बसत होतं. पण लांबी सव्वाचार मीटर. वीतभर जास्त लांबीने सवलत गेली. टाटांनी 2008 साली इंडिगोची डिकी कापून सीएस आणली, पुढे डिझायरही आखूड झाली. लोगन मुळात इथल्या नियमासाठी आखलेलीच नव्हती.

2010 साली रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली. महिंद्राने गाडी चालू ठेवली आणि 2011 पासून तिला व्हेरिटो नाव दिलं. 2013 साली मागचा भाग कापून 4 मीटरच्या आतली व्हेरिटो व्हाइब काढली. ती मला कधीच आवडली नाही. शेपूट तोडलेल्या बैलासारखी दिसायची. 2016 साली तिचीच विजेवरची ई-व्हेरिटो आली. म्हणजे रोमानियासाठी काढलेला तो साधा सांगाडा बारा वर्षांनी बॅटरी घेऊन नाशिकात उभा होता.

मुलांनो, बाहेर चिंचेखाली आपल्या एका मित्राची जुनी लोगन उभी आहे. जेवणाची पंगत बसायच्या आधी ज्यांना हवं त्यांनी या. मी टेप आणली आहे. आरसे, डिकी, मागची सीट, सगळं मोजून बघू.