आधी चिमटा, मग बटण

रेडिओवर बोलायचं ठरलं तेव्हा मला आधी कविता आठवली नाही, विमान आठवलं. तेही रेडिओवरच उडायचं.

१९९१ साली बी.ए. होऊन मी नोकरीच्या शोधात होतो. त्या रिकाम्या दिवसांत सोलापुरातल्या एका छोट्या क्लबात शिरलो. क्लब म्हणजे दहा-बारा माणसं, रविवारची सकाळ आणि गावाबाहेरचा माळ. कोणी बँकेतला, कोणी गिरणीतला, एक ड्रॉइंगचे मास्तर. रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर आमचे गुरू. त्यांना सगळेच काका म्हणत.

विमान आम्ही घरीच बांधायचो. बाल्सा नावाचं लाकूड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, हलकं इतकं की हातात घेतलं तरी काही घेतल्यासारखं वाटत नाही. नकाशावर त्याच्या पट्ट्या मांडायच्या, टाचण्यांनी दाबून ठेवायच्या आणि चिकटवायच्या. टाचण्या अम्मीच्या शिवणाच्या डब्यातून यायच्या. सांधा वाळेपर्यंत तिचं शिवण थांबायचं. इंजिनाला मेथेनॉल आणि एरंडेल तेलाचं मिश्रण लागे. त्या धुराचा वास शर्टाला दोन दिवस राही.

उडवायला शिकताना सगळ्यात अवघड एकच गोष्ट. विमान आपल्यापासून दूर जात असेल तोवर डावं ते डावं. ते वळून आपल्याकडे येऊ लागलं की सगळं उलटं! हात गोंधळतात. काकांनी त्यावर युक्ती सांगितली होती, "येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली जाईल, त्या बाजूला दांडी ने. पंखाला आधार दिल्यासारखी." तेवढं लक्षात ठेवलं की विमान सावरतं.

दुसरा नियम चिमट्यांचा. प्रत्येक रेडिओ-संच ठरावीक लहरीवर चाले. एकाच लहरीवरचे दोन संच एकदम सुरू झाले, तर हवेतल्या विमानाला कोणाचं ऐकावं ते कळत नाही. म्हणून माळावर एक फळी असे आणि तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. चिमट्यावर लहरीचा क्रमांक. आधी चिमटा घ्यायचा, मगच बटण दाबायचं.

एका रविवारी मी उशिरा पोचलो. घाईत संच काढला आणि बॅटरी ठीक आहे का बघायला बटण दाबलं. चिमटा काकांच्या खिशाला होता आणि विमान वर. ते एकदा थरथरलं, नाक खाली करून थेट जमिनीत गेलं. चार महिन्यांचं काम होतं ते.

कोणी बोललं नाही. मी बटण बंद करून उभा राहिलो. काका चालत गेले, तुकडे पिशवीत भरले, मातीत रुतलेलं इंजिन फुंकून पाहिलं. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या संध्याकाळी घरी ये. टाचण्या आण."

मी गेलो. दोन-अडीच महिने रोज जात राहिलो. नव्या विमानाचा डावा पंख मी बांधला. ते तयार झालं त्या रविवारी काकांनी चिमट्यांची फळी माझ्या ताब्यात दिली. क्लब होता तोवर ती माझ्याकडेच राहिली. त्या काळात एकदाही कोणाचं विमान लहरींच्या गोंधळाने पडलं नाही, हे मी अजूनही अभिमानाने सांगतो.

पुढे माळावर प्लॉट पडले, माणसं पांगली. काका आता नाहीत. आजचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. प्रत्येक संच आपल्याच विमानाशी जोडलेला असतो, त्यामुळे चिमट्यांची गरज उरली नाही. विमानं फोमची, मोटर विजेची. २०२१ पासून ड्रोनसाठी नियम आहेत, कुठे उडवावं याचे हिरवे, पिवळे, लाल विभाग आहेत. हे सगळं चांगलंच आहे.

पण त्या सकाळी काका माझ्यावर ओरडले असते, तर मी पुन्हा माळावर पाऊल टाकलं नसतं. त्यांनी दांडी नेमकी खाली जाणाऱ्या पंखाच्या बाजूला नेली. तेव्हा मला वाटलं होतं, ते विमान दुरुस्त करताहेत.