समुद्रकाठच्या आईचे देऊळ
(वार्षिक हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या वर्षी मी सिंगापूरला तीन महिने राहिले. तेथील एका चिनी देवळाविषयी चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला.

तेलोक आयर हा भर गजबजाटातला रस्ता. आजूबाजूला उंच उंच कचेऱ्या, आणि मध्येच थियन हॉक केंग हे बैठे, कौलारू देऊळ. १८३९ ते १८४२ या काळात ते बांधले, तेव्हा समोर समुद्र होता. चीनच्या फुकियन प्रांतातून गलबतांनी आलेली माणसे सुखरूप उतरल्याबद्दल येथे माझू देवीपुढे उदबत्ती लावीत. पुढे भर घालून समुद्र दूर हटविला. देवी जागची हलली नाही.

माझू ही दर्यावर्दी लोकांची रक्षणकर्ती. देवळाचा उंबरठा चांगला उंच. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचे. आपल्या आजीची शिकवण तीच नव्हे का? मागच्या दालनात क्वान यिन आहे. आपल्याकडचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर चीनमध्ये जाऊन स्त्रीरूप झाला, तीच ही. औरंगाबादच्या लेण्यात तो बुडत्या जहाजातील माणसांना तारताना कोरलेला आहे.

आता मनातले सांगते. माझा धाकटा जहाजावर नोकरीला. त्या वेळी आठ दिवस त्याची खुशाली कळली नव्हती. परक्या देवापुढे हात जोडावेत की नाही, अशा विचारात मी उभी होते. शेजारच्या चिनी आजीबाईंनी न बोलता आपल्यातल्या तीन उदबत्त्या माझ्या हाती दिल्या. मी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. तो देवीमुळे आला, असे मी म्हणत नाही; पण ते तीन दिवस त्या आजीबाईंनी मला सोपे केले, एवढे खरे.

भगिनींनो, ते देऊळ नुसते पूजेचे नव्हते. परमुलखात आलेल्यांना तेथे आपली माणसे भेटत. आपल्या आळीतही दरवर्षी नवी बिऱ्हाडे येतात. त्यांच्या दाराशी आपल्यापैकी कोण जाते? मी स्वतः या वर्षी एकाही घरी गेले नाही, हे कबूल करते. येत्या वर्षी प्रत्येकीने निदान एका नव्या घरी हळदीकुंकवाचे बोलावणे घेऊन जावे. जात, भाषा विचारू नये. एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.