जपानच्या शाळेत शिकवताना
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



जपानमधील एका लहान शहरात, बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या शाळेत मी इंग्रजीचा सहायक शिक्षक होतो. तेथे रोज पाहिलेल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिल्या तासाला मी प्रश्न विचारला आणि सारा वर्ग गप्प! व्याकरण पक्के, पण चूक होईल या भीतीने कोणी तोंड उघडेना. जपानी भाषेत 'र' आणि 'ल' हे वेगळे उच्चार नाहीत. त्यामुळे 'राइस' म्हणजे भात आणि 'लाइस' म्हणजे उवा, दोन्ही सारखेच ऐकू येत. मला माझी शाळा आठवली. मीही मागच्या बाकावर असाच गप्प बसत असे. मग मी माझी मोडकीतोडकी जपानी वर्गात बोलू लागलो. मुले हसली, आणि हळूहळू त्यांचेही तोंड उघडले. मित्रांनो, चुकल्याशिवाय भाषा येत नाही.

दुसरी गोष्ट झाडूची. तेथे मुले रोज स्वतःची शाळा झाडतात, ओल्या फडक्याने फरशी पुसतात, संडासही धुतात. दुपारचे जेवण मुलेच पाळीपाळीने वाढतात आणि शिक्षक तेच अन्न त्यांच्याबरोबर खातात.

पहिल्या दिवशी माझ्या हाती झाडू आला, तेव्हा हात थबकला. माझ्या आजीचा जन्म झाडू मारण्यात गेला. "शीक, म्हणजे हा सुटेल," असे ती म्हणे. शिकून परदेशी आलो, तर पुन्हा झाडूच! पण शेजारी मुख्याध्यापक वाकून पायऱ्या झाडत होते. तेव्हा उमगले की झाडू हलका नाही. तो जन्माने एकाच्याच माथी मारणे, हे हलके.

तरीही जपान निर्दोष आहे असे समजू नका. चामड्याची व मेलेल्या जनावरांची कामे करणाऱ्या बुराकू लोकांना तेथेही अस्पृश्य मानीत. 1871 मध्ये कायद्याने तो दर्जा रद्द झाला, पण विटाळ मनातून गेला नाही. 1922 मध्ये त्यांनी 'सुइहेईशा' ही आपली संघटना उभारली. हा भेदभाव दूर करण्यासाठी 2016 मध्ये पुन्हा कायदा करावा लागला.

म्हणून विद्यार्थ्यांनो, न लाजता इंग्रजी बोला. आणि आपल्या घरात झाडू फक्त आईच्या आणि बहिणीच्याच हाती का, हेही स्वतःला विचारा.