पूटर आपल्याला का आवडतो?



कादंबरीचा नायक शूर असावा, निदान लोभस तरी असावा, अशी आपली अपेक्षा असते. जॉर्ज व वीडन ग्रॉसस्मिथ या बंधूंच्या 'द डायरी ऑफ अ नोबडी' (१८९२) या विनोदी कादंबरीचा नायक चार्ल्स पूटर यांपैकी काहीच नाही. लंडनमधला हा कारकून मानपानाचा भुकेला, चटकन रुसणारा, स्वतःच्याच कोट्यांवर हसणारा आहे. लाल रंग घरी आणला, तर शेक्सपिअरच्या पुस्तकांच्या पाठींपासून न्हाणीच्या टबापर्यंत सारे रंगवून मोकळा! पुढे गरम पाण्यात तो रंग सुटला, तेव्हा आपण रक्तबंबाळ झालो म्हणून घाबरला.

मग तो आवडतो का? कारण आपली फजिती तो प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. त्याचा मुलगा ल्यूपिन याची बँकेतली नोकरी सुटते. पुढे तो बापाच्याच कचेरीत लागतो, तेव्हा पूटर धन्य होतो. मुलाची वाट मात्र निराळीच निघते.

इथे माझे हसू थांबले. मीही वर्गात रोज उपदेशच करतो!

पालकहो, मुलांना आपल्या कचेरीत बसवण्याआधी त्यांचे ऐका. मुलांनो, वडिलांना जरूर हसा. पण त्यांच्या हट्टामागची माया ओळखून हसा.